चांदीपुरा: आपल्या मुलखातला विषाणू

मंडळी, आमच्या निंबर्ग्याकडं, आळंद तालुक्यात, पावसाळ्यात लेकरू अचानक तापलं, आकडी आली आणि दोन दिवसांत गेलं, की जुनी माणसं म्हणायची, "बाहेरचं झालं." अशा तापाला कारणं अनेक असतात. त्यातल्या एकाचा शोध आपल्या मराठी मुलखातच लागला.

1965 साली नागपुरात तापाची मोठी साथ होती, डेंगी आणि चिकुनगुनियाची. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरकडं रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासायला होते. हे केंद्र आयसीएमआर आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशननं 1952 मध्ये सुरू केलेलं. आजची एनआयव्ही ती हीच. दोन रुग्णांच्या रक्तात मात्र वेगळाच विषाणू निघाला, रेबीजच्या कुळातला. भट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये तो जगापुढं मांडला. नमुने नागपूरकडच्या चांदीपुऱ्याचे, म्हणून नावही तेच पडलं. पुढं औरंगाबाद भागातल्या वाळूमाशीतही तो सापडला.

तो विषाणू मोठ्या माणसांच्या साध्या तापात मिळालेला, त्यामुळं कुणी फारसं घाबरलं नाही. 2003 च्या पावसाळ्यात मात्र तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, म्हणजे आपल्या बिदरपलीकडच्या तेलंगणात, 329 मुलं आजारी पडली आणि 183 दगावली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी. कित्येक लेकरं दवाखान्यात आणल्यावर एका दिवसात गेली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तपासलं, तर बऱ्याच नमुन्यांत निघाला अडतीस वर्षांपूर्वीचा चांदीपुरा! तेव्हा 'बिनकामाचा' वाटलेला अभ्यास असा कामी आला. गुन्हेगाराची ओळख आधीच कागदावर होती.

वाळूमाशी डासाहून बरीच बारकी. गुणगुणत नाही, लांब उडत नाही. दिवसा भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, अंधाऱ्या ओलसर कोपऱ्यात बसते आणि रात्री चावते. शेण-कचऱ्याच्या ओल्या मातीत तिची अंडी. आता आपली दगड-मातीची, माळवदाची घरं आठवा. भिंतीला लागूनच जनावरं, पोटमाळ्यावर अंधार. तिला याहून चांगला वाडा कुठं मिळणार? वर्षासणाला भिंती लिंपून भेगा बुजवायची आपल्या आया-आज्यांची रीत निव्वळ शोभेची नव्हती, असं आता वाटतं.

घरं सिमेंटची झाली, पण मातीची घरं आणि गोठे संपले नाहीत. 2024 मध्ये गुजरात-राजस्थानात या विषाणूचे 64 रुग्ण पक्के झाले. अजून लस नाही, नेमकं औषध नाही. झटके थांबवणं, श्वास आणि पाणी सांभाळणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं, आणि तेही वेळेत पोचलात तर.

म्हणून गावाकडच्या भावकीला एवढं कळवा: भेगा लिंपा, गोठा कोरडा ठेवा, लेकरांना मच्छरदाणीत झोपवा. ही माशी साध्या जाळीतून आत शिरते, म्हणून जाळी बारीक विणीची घ्या. आणि तापात झटका आला तर अंगारा-उतारा करत बसू नका. कलबुर्गी जवळ पडो की सोलापूर, त्याच घटकेला गाडी काढा.