पॅरिस ते नागसेनवन : ‘अस्मितादर्श’ची वाटचाल

कृष्णवर्णीय अमेरिकी लेखक रिचर्ड राइट 1946 साली पॅरिसला गेले आणि पुढल्या वर्षी कायमचे तिथलेच झाले. त्यांच्यासारखेच 1948 मध्ये जेम्स बाल्डविन आले, 1953 मध्ये चेस्टर हाइम्स. पदोपदी कातडीचा रंग बघणाऱ्या देशात बसून लिहिणे त्यांना असह्य झाले होते. पण नुसती माणसे जमून भागत नाही, हक्काचे नियतकालिक लागते. अलियून दिऑप यांनी 1947 मध्ये पॅरिसात ‘प्रेझाँस आफ्रिकेन’ काढले. राइट त्याच्या पाठीराख्यांत होते. 1956 च्या सप्टेंबरात याच मंडळींनी सोरबोनमध्ये कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची परिषद भरवली. अमेरिकी सरकारने कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पासपोर्ट नाकारला, म्हणून त्यांचा निरोप सभागृहात वाचून दाखवावा लागला. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहून मागवल्या होत्या, त्या याच द्युबॉइस यांच्याकडून.

आपल्या दलित मुलांना कुठले पॅरिस! वरणगाव-भुसावळकडच्या मुलाने जळगावमार्गे अजिंठ्याचा घाट चढून औरंगाबाद गाठायचे, हाच त्याचा परदेश. तिथे नागसेनवनात बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय होते. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले आणि कृष्णवर्णीयांचे साहित्य इथे तळमळीने सांगू लागले. परक्या देशातली ती माणसे आपलेच दुःख लिहितात, हे पोरांना पहिल्यांदा कळले. याच जाणिवेतून 1967 मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले आणि 1968 पासून ते ‘अस्मितादर्श’ झाले. दलित पँथरच्या स्थापनेला अजून चार वर्षे होती.

गंगाधर पानतावणे यांनी हे त्रैमासिक सुमारे पन्नास वर्षे चालवले. वर्गणीवर जगणारे त्रैमासिक इतकी वर्षे टिकवणे म्हणजे काय, हे अंक काढणाऱ्यालाच ठाऊक. नाव नसलेल्याची पहिली कविता त्यांनी छापली, लेखक-वाचक मेळाव्यांतून त्याला व्यासपीठ दिले. मला संपादक म्हणून ते मोठे वाटतात ते यासाठी. लिहिण्यासाठी देश सोडावा लागला नाही, हे या पिढीचे भाग्य. गावकुसाबाहेरचे जगणे मात्र तेच होते.

2009 मध्ये अमेरिकेत, सॅन होजेला, पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षपदी पानतावणे होते. 2018 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी 27 मार्चला ते गेले. ‘अस्मितादर्श’चे जुने अंक बांधणी करून खानदेशातल्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात ठेवायला हवेत. सुरुवात वरणगावपासून व्हावी.