राजाच्या शब्दावर : लंडन, जून १३८१

१३८१ च्या जूनमध्ये इंग्लंडची खेडी लंडनवर चालून आली, तेव्हा ती राजाविरुद्ध निघालेली नव्हती. वाटेत भेटेल त्याला ‘तू कुणाच्या बाजूचा?’ म्हणून विचारलं जाई, आणि जीव वाचवणारं उत्तर एकच होतं : राजा रिचर्डच्या आणि खऱ्या रयतेच्या. राग होता तो राजाच्या अवतीभवतीच्या मंडळींवर. राजा चौदा वर्षांचं पोर आहे, त्याला हे लोक फसवताहेत, आपण त्याच्यापर्यंत पोचलो की न्याय मिळेल, अशी त्यांची पक्की समजूत होती. स्मिथफील्डच्या मैदानावर एका तलवारीने हा उठाव मोडला असं सांगतात. मला वाटतं, तो या समजुतीनेच मोडला.

आधीची तीस वर्षं थोडक्यात सांगतो. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये देशातली एकतृतीयांश ते निम्मी माणसं गेली. शेतं तेवढीच राहिली, राबणारे हात मात्र उरले नाहीत, म्हणून मजुरी चढू लागली. जमीनदारांनी भरलेल्या पार्लमेंटने १३५१ मध्ये कायदा करून ती प्लेगच्या आधीच्या दरावर बांधून टाकली. भूदासाच्या मानेवरचं जू तसंच होतं : धन्याच्या शेतावर वेठ, मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे, आणि बाप मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धन्याच्या दारात. त्यात फ्रान्सशी चाललेल्या लढाईसाठी चार वर्षांत तीनदा डोईपट्टी बसली. १३७७ मध्ये ती माणशी चार पेन्स होती, तिसऱ्या खेपेला बारा. लोकांनी विधवा आई, लग्नाच्या बहिणी यादीतून लपवल्या. साडेतेरा लाखांच्या आसपास असलेली करदात्यांची संख्या नऊ लाखांवर आली. ही तूट भरून काढायला अधिकारी गावोगाव फिरले, आणि ३० मे रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवुडला फॉबिंगच्या गावकऱ्यांनी त्यांना पिटाळून लावलं. तिथून उठाव पसरला.

बुधवार १२ जून, संध्याकाळ. स्मिथफील्डच्या सुमारे ७२ तास आधी

केंटचे लोक लंडनच्या दक्षिणेला ब्लॅकहीथच्या माळावर उतरले होते, एसेक्सचे उत्तरेकडून माइल एंडकडे येत होते. केंटचा म्होरक्या वॉट टायलर. त्याचं आधीचं आयुष्य जवळजवळ अंधारातच आहे. जॉन बॉल हा धर्मोपदेशक मात्र जुना माहितीतला. आर्चबिशप सडबरीने त्याला मेडस्टोनच्या तुरुंगात टाकलं होतं, तिथून लोकांनी त्याला सोडवून आणलं. आपण सगळे एकाच आईबापाची लेकरं, तर मग ही सरदारकी आली कुठून, हा त्याचा सवाल माळावरच्या माणसांना नवा नव्हता.

गुरुवार १३ जून, सकाळ. सुमारे ५७ तास

राजा टॉवरमधून नावेने निघाला, थेम्सवरून रॉदरहाइथपर्यंत आला. काठावर हजारो माणसं ताटकळत होती. सोबतच्या सरदारांनी त्याला उतरू दिलं नाही. नाव परत फिरली.

इथे माझ्या मते एक संधी गेली. काठावरच्यांना राजा दिसला होता, त्यांचं गाऱ्हाणं ऐकून न घेता माघारी गेलेलाही दिसला. तरीही दोष राजाच्या पदरात पडला नाही, नावेतल्या इतरांच्याच पदरात पडला.

गुरुवार, दुपार. सुमारे ४९ तास

लंडनच्या पुलाचा रस्ता आतूनच मोकळा झाला. शहरातही हातावर पोट असलेले पुष्कळ होते. तुरुंग फुटले. राजाचा काका जॉन ऑफ गॉन्ट याचा सॅव्हॉय वाडा पेटला. तो स्वतः स्कॉटलंडच्या सीमेवर होता, म्हणून वाचला. वाड्यातलं काहीही लुटायचं नाही, असा हुकूम होता. चांदीचं भांडं लपवणाऱ्या एकाला सोबत्यांनीच आगीत लोटलं. आम्ही चोर नाही, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं.

त्याच दिवशी क्लार्कनवेलचा मठ जळाला. खजिनदार रॉबर्ट हेल्स त्या मठाच्या पंथाचा इंग्लंडमधला प्रमुख होता आणि डोईपट्टीची वसुली त्याच्याकडे होती. जिथे जिथे सावकारी, न्यायालयीन किंवा जमिनीची दप्तरं सापडली, तिथे तिथे ती रस्त्यात आणून जाळली. अडाणी माणसाचा कागदावरचा राग म्हणून याकडे पाहणारे चुकतात. आपण कुणाचे बांधील आहोत हे नेमकं कुठे लिहून ठेवलंय, हे त्या लोकांना पुरतं ठाऊक होतं.

शुक्रवार १४ जून, सकाळी सातचा सुमार. ३४ तास

राजा माइल एंडला गेला. लोक गुडघ्यांवर बसले. मागण्या अगदी हिशेबी होत्या : भूदासपणा बंद, जमिनीचा खंड एकरी चार पेन्स, राजीखुशीच्या कराराशिवाय कुणाची चाकरी नाही, झाल्या प्रकाराला माफी. राजा ‘हो’ म्हणाला. तीस कारकून बसले आणि सनदा लिहू लागले, राजाच्या शिक्क्यानिशी.

आदल्या दिवशी दप्तरं जाळणारी माणसं आज आपल्या सुटकेचं चर्मपत्र हातात पडावं म्हणून थांबून राहिली. मिळालेली सनद घेऊन एसेक्सचे कित्येक लोक त्याच दिवशी घराकडे वळले. जमावाची ताकद जमण्यात होती, आणि ती त्या एका सकाळी निम्म्यावर आली. दरबारातल्या कुणी हे आधीच जोखलं होतं का, सांगता येत नाही. परिणाम मात्र दरबाराच्या पथ्यावर पडला.

शुक्रवार, साधारण अकरा. ३० तास

राजा बाहेर असताना जमाव टॉवरमध्ये शिरला. सडबरी हा आर्चबिशप आणि चान्सलर दोन्ही होता. त्याला आणि हेल्सला टॉवर हिलवर नेऊन मारलं. सडबरीचं डोकं आठव्या घावाला सुटलं. जोहाना फेरर नावाच्या बाईचं नाव पुढे न्यायालयाच्या कागदांत म्होरक्यांमध्ये नोंदलं गेलं. त्याच दिवशी शहरातले फ्लेमिश विणकर आणि व्यापारी शोधून शोधून कापले. त्यांनी कुणावर डोईपट्टी बसवली नव्हती. ते परके होते आणि हाताशी सापडले, एवढंच. या उठावाबद्दल कितीही जिव्हाळा वाटला तरी या खुनांवर पांघरूण घालता येत नाही.

शनिवार १५ जून, सेंट ऑल्बन्स. शेवटचा दिवस

लंडनच्या उत्तरेला एका दिवसाच्या वाटेवर हा मोठा मठ. गाव मठाच्या मालकीचं. धान्य मठाच्याच चक्कीवर दळायचं आणि त्याचा वाटा मठाला द्यायचा, असा दंडक होता. पन्नासएक वर्षांपूर्वी एका मठाधिपतीने घराघरांतली जाती उचलून आणली आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या फरशीत बसवून टाकले. त्यावरून रोज पावलं जायची, आणि गावाला ते ठाऊक होतं.

त्या शनिवारी विल्यम ग्रिंडकॉबच्या मागे गावकरी मठात शिरले. तो आदल्या दिवशी लंडनला जाऊन आला होता, आणि गावाला राजाचं पत्र मिळालं होतं. त्यांनी फरशी उखडली, आजीपणजीच्या जात्यांचे दगड बाहेर काढले, फोडले, आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे तुकडे एकमेकांना वाटून घरी नेले. इकडे तुकडे वाटले जात होते तेव्हा ज्या पत्राच्या जोरावर हे चाललं होतं, ते देणाऱ्या राजाचा शब्द थोड्याच दिवसांत फिरणार होता.

शनिवार, दुपारी तीनचा सुमार. २ तास

राजा वेस्टमिन्स्टरच्या मठात प्रार्थनेला गेला. तिथून स्मिथफील्ड, गुरांच्या बाजाराचं मैदान.

शनिवार, संध्याकाळ

टायलर लहानशा घोड्यावरून एकटाच पुढे आला. अर्धवट गुडघा टेकला, राजाचा हात धरून जोरात हलवला आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली. मागण्या आता माइल एंडच्या पुढे गेल्या होत्या : राजाखेरीज कुणाची सरदारकी नको, चर्चच्या जमिनी वाटा, देशभर एकच बिशप, आणि भूदास कुणीच नाही. राजा पुन्हा ‘हो’ म्हणाला. टायलरने चूळ भरायला पाणी मागवलं, मग दारू. राजाच्या लोकांपैकी एकाने त्याला चोर म्हटलं. बाचाबाची झाली, मेयर विल्यम वॉलवर्थ त्याला पकडायला पुढे सरसावला, टायलरने खंजीर चालवला, पण वॉलवर्थच्या कपड्यांखाली चिलखत होतं. वॉलवर्थने त्याच्या मानेवर घाव घातला, दुसऱ्याने तलवार खुपसली.

समोरच्या जमावाने धनुष्यं ताणली. तेव्हा रिचर्ड घोडा पुढे घालून म्हणाला की तुमचा म्होरक्या मीच, माझ्यामागे या. आणि ते गेले, क्लार्कनवेलच्या शेतांकडे. तिथे शहरातल्या सशस्त्र लोकांनी त्यांना वेढलं. इस्पितळात नेलेल्या टायलरला वॉलवर्थने बाहेर ओढून त्याचं मुंडकं उडवलं. पुलावर सडबरीचं डोकं लावलं होतं, तिथे आता त्याचं लागलं.

त्यानंतर

२ जुलैला चेम्सफर्डमध्ये राजाने सगळ्या सनदा रद्द केल्या. १५ जुलैला सेंट ऑल्बन्समध्ये जॉन बॉलला फाशी दिलं, राजा तिथे हजर होता. ग्रिंडकॉबला जामिनावर सोडलं होतं, ते गावकऱ्यांची समजूत घालून त्यांनी मठाकडून घेतलेले कागद परत आणावेत म्हणून. त्याने लोकांना उलटंच सांगितलं, माघार घेऊ नका, आणि तोही फासावर गेला. नोव्हेंबरच्या पार्लमेंटमध्ये भूदासांना मुक्त करायचं का, असं विचारलं गेलं. सरदार आणि प्रतिनिधी एकमुखाने नाही म्हणाले.

तरी माणशी डोईपट्टी पुन्हा बसवायची हिंमत पुढच्या राजांना फार काळ झाली नाही. मजुरांची टंचाई कायम होती. गावोगावचे भूदास रात्रीतून निघून शेजारच्या धन्याकडे जास्त मजुरीवर राहू लागले. रिकामी शेतं घेऊन बसलेल्या जमीनदारांनी वेठ सोडून खंडाने जमीन द्यायला सुरुवात केली. माइल एंडला मागितलेल्या गोष्टींपैकी बऱ्याचशा पुढच्या शंभर वर्षांत अशाच, एकेका शेतावरच्या घासाघिशीतून, पदरात पडल्या. त्यांत राजाचा शिक्का कुठेच नव्हता.