फेंडर काढणारे आणि इंजिन बदलणारे

आजचा विषय आहे गाड्यांचा. मी राहतो पुनावळ्यात, म्हणजे एका अंगाला पिंपरी-आकुर्डीचे जुने कारखाने आणि दुसऱ्या अंगाला चाकण. बायपासवर नव्याकोऱ्या गाड्यांनी भरलेले ट्रेलर रोज दिसतात. पण आज आपण बोलणार आहोत ते कारखान्याबाहेर पडल्यावर माणसांनी बदललेल्या गाड्यांबद्दल.

अमेरिकेतल्या कार शोमध्ये चकचकीत हॉट रॉड उभ्या असतात ना, त्यांचं मूळ भंगारात आहे. १९२७ पर्यंत फोर्डने दीड कोटी मॉडेल टी विकल्या होत्या. १९३२ मध्ये त्याच फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं. कॅलिफोर्नियातली पोरं जुनी गाडी घ्यायची, वजन कमी करायला फेंडर काढायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर पळवायची. १९३७ मध्ये वेळ मोजायला त्यांची संघटना झाली. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसला मोठं प्रदर्शन भरलं आणि ‘हॉट रॉड’ मासिकही त्याच महिन्यात निघालं.

मग आपल्याकडे असं का झालं नाही? डोकं कमी होतं म्हणून? अजिबात नाही. गाड्याच नव्हत्या! मुंबईत जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, नुसती जोडणी नको, इथेच बनवा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मग उरल्या मोजक्या कंपन्या, आणि गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणं आलं. ज्या वस्तूसाठी एवढी वाट बघितली, तिचे फेंडर कोण काढणार?

म्हणून आपल्या बदलांची दिशाच वेगळी. तिकडे प्रश्न होता, ‘पळते किती?’ आपला प्रश्न, ‘देते किती?’ कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० निघायची. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअर स्टिअरिंगला. डिझेल स्वस्त, म्हणून गॅरेजवाल्यांनी अशा गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली. पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींना सीएनजी किट लागली. गावाकडच्या वडापच्या जीप तर तुम्हाला माहीतच आहेत. मागे फळी टाकून कंपनीने कधी मोजली नसतील इतकी माणसं त्यात बसायची. ट्रकची तर चेसिसच यायची, बॉडी बांधायचे इथले सुतार, लोहार, पेंटर. हे सगळं कस्टमच की! फक्त त्याला कुणी शोमध्ये उभं केलं नाही.

हौसेची बाजू आली ती नव्वदीत. दिलीप छाब्रिया कॅलिफोर्नियातच डिझाइन शिकून आले आणि १९९३ मध्ये त्यांनी डीसी डिझाइन सुरू केलं. माझ्या वयाच्या पोरांना ती ओळख झाली २००४ च्या ‘टारझन’ सिनेमातून. त्यातली जांभळी गाडी मुळात टोयोटा एमआर२.

आता खरा पेच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. त्यामागचं कारण मला पटतं. ब्रेक एका वजनासाठी बनवलेले असतात, आपण भलतंच वजन घातलं तर रस्त्यावरचा दुसरा माणूस मरतो. मग २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षं पूर्ण, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. अट एकच, गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालणार नाही.

आमच्या मामांकडे १९७८ ची पद्मिनी आहे. तिचं डिझेल इंजिन आरटीओला कळवून, आरसी बुकात नोंद करून बसवलेलं. २०२८ मध्ये तिला पन्नास होतील, पण नियमाने ती व्हिंटेज नाही. घरात दोन तट आहेत. मामा म्हणतात, “पेट्रोल इंजिन शोधून बसवू, प्लेट मिळवू.” मामी म्हणतात, “ह्याच डिझेलवर तीन पोरांची शिक्षणं झाली. ते काढून टाकायचं?”

मी मामींच्या बाजूचा. आम्ही कोड लिहिणारे प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो, कुणी केला, कधी, कशासाठी. शेवटचा कोड हाती आला तरी ती नोंद पुसली तर त्यामागचं कारण कळत नाही. आरसी बुकातला तो शिक्का म्हणजे तशीच नोंद. मूळ रूपातली पद्मिनी सांगते की कारखान्याने काय बनवलं. मामांची सांगते की डिझेल-पेट्रोलच्या भावांनी घर कसं चालवलं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. त्या टॅक्सींची ओळखही त्यांच्यात झालेल्या बदलांचीच होती.

तेव्हा पुढच्या वेळी जुन्या गाड्यांची रॅली बघायला गेलात, की चकाकी बघाच. पण घरी किंवा ओळखीच्या गॅरेजात अशी बदललेली गाडी असेल, तर तिचं आरसी बुक काढा, त्या पानाचा फोटो घ्या आणि ज्याने इंजिन बसवलं त्या मिस्त्रींना विचारून ठेवा. गाडीचं वय कागदावर असतं, मिस्त्रींच्या हातातली माहिती मात्र कुठेच लिहिलेली नसते. भेटू पुढच्या भागात.