बिल निघेपर्यंत

स्मरणिका समितीने 'सोसायटीच्या बांधकामाचा इतिहास' लिहायला सांगितला. भूमिपूजन कधी, वास्तुशांत कधी, हे इतिवृत्तात आहेच. मधल्या काळात पैसा कसा फिरला, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. बांधणारा ठेकेदार मीच, म्हणून तेवढंच लिहितो.

मी मूळचा केज तालुक्यातल्या नांदूरघाटचा. आजोबा गवंडी. आम्ही निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांकडे. आजोबांना मजुरी हाली रुपयात मिळायची, बार्शीच्या बाजारात इंग्रजी रुपया. त्या बार्शीची अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे १८९७ साली सुरू झाली. पुढं ती पूर्वेकडे वाढवायचं ठरलं, तेव्हा येडशी-तडवळे टप्प्याचं काम लक्ष्मणराव फाटक आणि वालचंद हिराचंद या जोडीनं घेतलं. फाटक रेल्वेतले माजी कारकून, त्यांना कामाच्या खाचाखोचा ठाऊक. वालचंद सोलापूरच्या सावकारी आणि कापसाच्या व्यापारातल्या घराण्यातले, म्हणजे बाजारात पत. एकट्या फाटकांना ते काम जड गेलं असतं, असं मला वाटतं. ठेकेदाराला काम येत नाही म्हणून तो क्वचितच बुडतो, दोन बिलांच्या मधल्या दिवसांत बुडतो. पुढं वालचंदांनी बोरघाटातल्या बोगद्यांची कामं केली, १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. कुठं ते आणि कुठं आम्ही! पण हिशोबाची रीत तीच.

टेंडर भरताना बयाणा रक्कम, काम मिळालं की सुरक्षा ठेव. म्हणजे पहिली कुदळ पडायच्या आधीच पैसा अडकला. मग खडी, वाळू, सिमेंट, सळई. काम झालं की इंजिनिअर मोजमाप घेऊन एमबीत चढवणार, त्यावरून चालू बिल निघणार, त्यातून टीडीएस आणि ठेव कापणार. उरलेलं हातात कधी? निधी आला की. बहुतेक वेळा मार्चएंडला. मजूर मार्चपर्यंत थांबत नाही, त्याला आठवड्याच्या बाजाराला पैसे लागतात.

आमच्या बीडकडं त्यात आणखी एक. पाऊस उघडला की बांधकामाचा हंगाम, आणि नेमक्या त्याच वेळी टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देऊन जोड्या आधीच बांधून ठेवतो. माणसं राखायची तर आपणही उचल द्यायची. ती कामातून फिटेपर्यंत आपला पैसा तिकडे.

आता आपल्या इमारतीचं. पहिला स्लॅब वेळेवर झाला, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. दुसऱ्या स्लॅबला तीन महिने खोळंबा झाला. तेव्हा मी 'माल मिळत नाही' असं सांगत होतो. ते खरं नव्हतं. एका सरकारी कार्यालयाकडे माझं रस्त्याचं बिल अडकलं होतं, आणि ते काम चालू ठेवायला मी तुमचा दुसरा हप्ता तिकडे वापरला होता. एका साइटचा पैसा दुसऱ्या साइटला लावणं आमच्या धंद्यात सर्रास चालतं, पण इथं लोक घरभाडंही भरत होते आणि कर्जाचा हप्ताही.

शेवटी तेव्हाचे खजिनदार, आपले सर, घरी आले. चहा बाजूला ठेवून म्हणाले, "वही दाखवा." दाखवली. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारच्या सभेत मीच उभं राहून सांगितलं. काहीजण चिडले. पोलिसात द्या, असंही एकजण म्हणाले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

सभेनं ठरवलं ते असं: यापुढचा हप्ता माझ्या हातात नाही. सिमेंट-सळईचा चेक थेट दुकानदाराच्या नावे. मजुरी शनिवारी सरांच्या समोर वाटायची. वापरलेली रक्कम मी टप्प्याटप्प्यानं भरायची. घरातलं सोनं पतसंस्थेत ठेवून पहिला टप्पा भरला, अकराव्या दिवशी सेंट्रिंग लागलं. रस्त्याचं बिल निघालं ३१ मार्चला संध्याकाळी. त्यातून बाकी फिटली.

पुढं मी वीस वर्षं कामं केली, पण प्रत्येक साइटचं खातं वेगळं ठेवलं. ते शिकायला तुमचा हप्ता खर्ची पडला.

सरांच्या अक्षरातली ती मजुरीची वही सोसायटीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. शेवटच्या पानावर माझी सही आहे.