एका चौकटीवरचे संसार

मुंबईहून माथेरानला निघालेल्या माणसाला नेरळला गाडी बदलावी लागते. रुंद रुळांवरून आलेली लोकल त्याला फलाटावर उतरवते आणि कर्जतकडे निघून जाते. पलीकडे दोन फुटी रुळांवर छोटी गाडी उभी असते. पूर्वी वळकट्या असत, आता चाकांच्या बॅगा असतात, एवढाच काय तो फरक. डबे, मुले, म्हातारी माणसे असा सारा पसारा एका गाडीतून काढून दुसरीत भरायचा तो भरायचाच. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने १९०७ साली हा डोंगरी लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासूनची ही रीत आहे. दोन रुळांची रुंदी जुळत नाही, त्याचा भुर्दंड प्रवाशाने सोसायचा.

२०२५ च्या मे महिन्यात मी भाच्याबरोबर असाच नेरळला उतरलो. भाचा पुण्यात प्रोग्रामर आहे. कारखान्यातल्या यंत्रांवर जे पडदे असतात, त्यांवरची बटणे, आकडे, आलेख घडवणे हा त्याचा धंदा. बॅगा खाली ठेवून तो म्हणाला, "मामा, आमच्या धंद्यात नुसती नेरळेच नेरळे आहेत."

त्याचे म्हणणे असे. विंडोज ही एक रुंदी, मॅक ही दुसरी, लिनक्स ही तिसरी, मोबाइल ही आणखी वेगळी. एका यंत्रणेसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीवर चालत नाही. खिडकी उघडणे, बटण दाबले गेल्याचे कळणे, अक्षरे उमटवणे, प्रत्येकीची तऱ्हा निराळी. मग एकच काम तीनतीनदा करा. यावर तोड म्हणून काही शहाण्यांनी अशी चौकट बनवली, की प्रोग्रामरने तिच्यात एकदा लिहावे आणि कोणत्या रुळाला कोणते चाक लावायचे ते चौकटीने पाहावे. याला फ्रेमवर्क म्हणतात. भाच्याच्या चौकटीचे नाव क्यूटी. लिहितात क्यूटी, उच्चारतात मात्र 'क्यूट'. चौदा वर्षे त्याने हीच एक विद्या केली. घराचा हप्ता, मुलीची शाळा, सगळे या एका चौकटीवर उभे.

"आणि उद्या ती कोणी विकत घेऊन बंद केली तर?" मी सहज विचारले.

तो हसला नाही. त्या प्रश्नामुळे मी या चौकटीचा इतिहास शोधू लागलो, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

गोष्ट नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम गावी सुरू होते. १९९० च्या उन्हाळ्यात होवर नूर्ड आणि आइरिक चांबे-एंग हे दोन तरुण अल्ट्रासाउंडची चित्रे साठवणारी एक आज्ञावली लिहीत होते. ती युनिक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालली पाहिजे अशी अट होती. एके दिवशी दोघे बाहेर उन्हात बाकावर बसले असता अशा सर्वसंचारी चौकटीची कल्पना निघाली. पुढल्या वर्षी होवरने लिहायला घेतले. १९९२ मध्ये आइरिकला एक युक्ती सुचली. पडद्यावरची एखादी वस्तू काही घडले की नुसती हाक देते. ती हाक कोणी ऐकावी ते आधी जोडून ठेवलेले असते. हाक देणाऱ्याला ऐकणाऱ्याचे नावगाव ठाऊक नसले तरी चालते. दिसायला ही गोष्ट साधी आहे, पण आजही क्यूटचा जीव तिच्यातच आहे. नावाची कथा तर गंमतीची: होवर ज्या संपादकात लिही, त्यातले 'क्यू' हे अक्षर त्याच्या डोळ्यांना फार देखणे वाटे, म्हणून क्यू!

मार्च १९९४ मध्ये दोघांनी कंपनी नोंदवली. तिचेच नाव पुढे ट्रोलटेक झाले. त्या वर्षीची त्यांची स्थिती पाहिली तर आपल्याकडचे कोणीही वडीलधारे म्हणाले असते, की आधी नोकरी धरा. गिऱ्हाईक नाही, माल अपुरा, गाठीला पैसा नाही. दोघांच्या बायका मिळवत्या होत्या, आणि आणखी दोन वर्षे आम्ही घर चालवू असे त्यांनी कबूल केले. संगणकाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही बाब एका ओळीत उरकलेली असते. मला ती ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या दोन पगारांवर पुढे देशोदेशीच्या हजारो घरांचे पगार उभे राहिले.

१९९५ च्या एप्रिलात मेटिस नावाच्या नॉर्वेतल्याच कंपनीने पहिले काम दिले. २० मे १९९५ रोजी क्यूट जगासाठी खुली झाली. पुढे दहा महिने मेटिस हेच एकटे गिऱ्हाईक. मग मार्च १९९६ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने दहा परवाने घेतले आणि दोघांच्या जिवात जीव आला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मनीतला एक विद्यार्थी, माटियास एट्रिश, याने लिनक्ससाठी सामान्य माणसाला वापरता येईल असा संपूर्ण पडदा बांधण्याचे आवाहन केले. या उपक्रमाचे नाव केडीई, आणि चौकट म्हणून त्याने क्यूट निवडली. येथून भांडण सुरू झाले. लिनक्सवाले मंडळी मोठी तत्त्वनिष्ठ. क्यूट वापरायला फुकट असली तरी तिचा परवाना त्यांच्या व्याख्येत 'मुक्त' बसत नव्हता. पायाच दुसऱ्याच्या मालकीचा, तर त्यावर घर कशाला बांधता, असा त्यांचा सवाल. रागावलेल्या काहींनी १९९७ मध्ये ग्नोम नावाचा दुसरा पडदा बांधायला घेतला, आणि ही दोन बिऱ्हाडे अद्यापही शेजारी शेजारी नांदत आहेत.

सवाल मात्र रास्त होता, आणि त्यातून एक कागद जन्माला आला. जून १९९८ मध्ये ट्रोलटेक आणि केडीई यांनी मिळून एक प्रतिष्ठान स्थापले. करार असा, की कंपनीने क्यूटची मुक्त आवृत्ती बारा महिने काढली नाही, मग कारण काहीही असो, दिवाळे निघो वा कंपनी विकली जावो, तर प्रतिष्ठानाने शेवटची आवृत्ती अत्यंत सैल परवान्यावर सर्वांना खुली करून टाकावी. मंडळावर दोन माणसे कंपनीची, दोन केडीईची. मते समसमान पडली तर जादा मत केडीईचे. कंपनीने आपल्याच हाताने स्वतःला घातलेला हा लगाम होता. पुढे २००० साली क्यूट पूर्णपणे मुक्त परवान्यावरही मिळू लागली: जो आपली आज्ञावली खुली ठेवील त्याला चौकट फुकट, जो झाकून विकील त्याने पैसे मोजावेत.

आता या चौकटीवर ज्यांनी संसार थाटले त्यांच्याकडे वळू. केडीईच्या पहिल्या मंडळींपैकी माटियास काल्ले डालहाइमर हे गृहस्थ. त्यांनी १९९९ मध्ये क्यूटवर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी केडीएबी नावाची सल्लागार कंपनी काढली. ती कुठे? तर स्वीडनमधल्या हागफोर्श या लहानशा गावी. नावातच तिथल्या नदीच्या खोऱ्याचे नाव गोवलेले. माल विकायचा नाही, फक्त ही एक विद्या विकायची. ती कंपनी वाढली आणि देशोदेशी पसरली.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. क्यूट सी प्लस प्लस या अवघड भाषेत लिहिलेली. फिल थॉम्पसन या इंग्रज प्रोग्रामरने १९९८ मध्ये ती पायथन या सोप्या भाषेतून वापरता येईल असा पूल बांधला. त्याचे नाव पायक्यूट, आणि रिव्हरबँक ही त्यांची छोटी कंपनी त्यावर चालू लागली. चौकट दुसऱ्याची, आपला फक्त पूल. २००९ मध्ये चौकटीच्या तेव्हाच्या मालकाला तो पूल अधिक सैल परवान्यावर हवा होता. बोलणी जमली नाहीत. तेव्हा मालकाने पायसाइड नावाचा स्वतःचा दुसरा पूल शेजारीच बांधायला घेतला! एखाद्याने धीर सोडला असता. रिव्हरबँकने सोडला नाही. मालक बदलले, मालकाचा पूल मध्ये काही वर्षे रेंगाळलाही, आणि क्यूटची सहावी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली तेव्हा पुढच्याच महिन्यात तिच्यासाठीचा पायक्यूट तयार होता.

हा मालक म्हणजे नोकिया. २००८ मध्ये तिने ट्रोलटेक सुमारे पंधरा कोटी डॉलरला घेतली. तेव्हा नोकियाचा फोन कोणाच्या खिशात नव्हता? क्यूट येणाऱ्यांना सोन्याचे दिवस दिसू लागले. नोकियाने परवानाही सैल केला, आणि माझ्या भाच्यासारख्या पोरांनी झाडून ही विद्या शिकायला घेतली. मग फेब्रुवारी २०११ उजाडला. नोकियाचे नवे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी नोकरांना पत्र लिहून समुद्रातल्या जळत्या मचाणावर उभ्या असलेल्या माणसाचा दृष्टांत दिला, आणि लगेच जाहीर केले की यापुढे आमचे फोन मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर चालतील. त्या यंत्रणेत क्यूटला जागा नव्हती. भाचा तेव्हा नुकताच या धंद्यात शिरला होता. त्या आठवड्यात त्याला जेवण गोड लागले नाही, असे त्याची आई सांगते.

मार्च २०११ मध्ये क्यूटचा व्यापारी परवान्यांचा भाग फिनलंडच्याच डिजिया कंपनीने घेतला आणि २०१२ मध्ये उरलेले सारेच. २०१६ मध्ये क्यूटची कंपनी डिजियापासून निराळी निघून हेलसिंकीच्या शेअरबाजारात स्वतंत्रपणे उभी राहिली. एवढ्या हातांतून चौकट गेली, पण प्रत्येक नव्या मालकाने तो १९९८ चा कागद मानला. एप्रिल २०२० मध्ये पुन्हा एकदा ठिणगी पडली. नव्या आवृत्त्या पहिले बारा महिने फक्त पैसे भरणाऱ्यांना द्याव्यात असा कंपनीचा विचार चालला आहे, असे केडीईच्या बाजूने जाहीर झाले. बारा महिने! करारातली मुदत नेमकी तीच. गवगवा झाला, आणि मुक्त आवृत्तीशी आम्ही बांधील आहोत असा खुलासा कंपनीने केला. दीर्घकाळ डागडुजी होणाऱ्या आवृत्त्या मात्र तिने पैसेवाल्यांपुरत्या ठेवल्या. तेवढा कोपरा तिने मिळवलाच.

कोणी म्हणेल, नॉर्वे-फिनलंडच्या या भानगडींशी आपला काय संबंध? संबंध पवईपर्यंत येतो. मुंबईच्या आय.आय.टी.त फॉसी नावाचा उपक्रम चालतो. महागड्या परदेशी आज्ञावल्या विकत घ्यायची ऐपत नसलेल्या महाविद्यालयांना मुक्त आज्ञावल्या पुरवणे हे त्याचे काम. तिथली विद्युत-मंडले आखणारी ईसिम पायक्यूटवर उभारली. पोलादी बांधकामाचे जोड आणि तुळया आपल्या आय.एस. ८०० : २००७ या मानकाप्रमाणे आखून देणारी ऑस्डॅगही पायक्यूटवरच. फिल थॉम्पसन यांच्या पुलावरून जिल्ह्याच्या गावातली अभियांत्रिकीची पोरे अशी रोज ये-जा करतात.

आणि आपली देवनागरी? 'किती' हा शब्द घ्या. आपण म्हणताना आधी क, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी बसते. 'सूर्य'मधला र डोक्यावर चढतो, 'चक्र'मधला पायाशी लोळण घेतो, 'वऱ्हाडी'तला मध्येच चंद्रकोर होतो. रोमन लिपीवर पोसलेल्या चौकटीला हे कळायचे कसे? २००३ साली क्यूटच्या ३.२ या आवृत्तीत भारतीय लिप्यांची ही जुळणी आली. अक्षरजुळणीचे मूळ काम दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पातले. त्याच्या दोन शाखा क्यूटमध्ये आणि ग्नोमवाल्यांकडे वेगवेगळ्या वाढल्या होत्या. पुढे त्या एकत्र आल्या, बेहदाद एस्फाहबोद यांनी सारे नव्याने लिहून काढले, आणि त्याचे नाव हार्फबझ. फारसीतले हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे मोकळे. आज अँड्रॉइड फोनवर जावयाला दिवाळीच्या शुभेच्छा धाडता, त्यातली वेलांटी जागेवर बसवणारे हेच. भांडलेली बिऱ्हाडे निदान आपल्या र साठी तरी एकत्र आली!

हे सारे मी भाच्याला माथेरानच्या मुक्कामीच थोडेफार सांगितले. दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी, म्हणून आम्ही अमन लॉजपाशी उतरून चालत निघालो होतो. तांबड्या मातीच्या चढावर एक हातरिक्षा आमच्या पुढे होती. आत एक आजीबाई, पुढे ओढणारा, मागे रेटणारा. थोड्या वेळाने बॅटरीवरची ई-रिक्षा मागून आली आणि पुढे निघून गेली. भाचा बराच वेळ त्या दोघांकडे पाहत राहिला. वर पोचल्यावर त्याने ओढणाऱ्याला पाणी दिले आणि विचारले, "दादा, किती वर्षं हेच करता?"

"पंचवीस," तो म्हणाला. "वडीलही हेच करायचे."

"आणि ती ई-रिक्षा?"

"ती आम्हालाच पाहिजे की! कोर्टात आमचीच माणसं गेली होती."

ते खरे होते. या लोकांच्या हाती कोणी १९९८ सारखा कागद दिलेला नव्हता. मोटारबंदीने त्यांना पोटाला लावले आणि त्याच बंदीने त्यांना दांड्याला जखडून ठेवले. तेव्हा ते स्वतःच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२२ च्या मे महिन्यात प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी मिळाली.

आम्ही खाली आलो. पावसाळा लागला, नेरळची गाडी बंद झाली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला, की माथेरानमधली माणसाने ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करावे. त्या रात्री भाच्याचा फोन आला.

"मामा, बातमी वाचलीत ना? ते दादा आता काय म्हणत असतील?"

मी म्हटले, "तेच जाऊन विचारू. तुझ्या चौकटीचे काय?"

"चाललंय. यंदा नव्या आवृत्तीवर सगळे पडदे आणतोय, डोळे फुटायची वेळ आली आहे." मग थोडे थांबून म्हणाला, "दिवाळीनंतर जाऊ या, मामा. तोवर गाडी सुरू झालेली असेल."