रिबोन्यूक्लिइक अम्ल : संरचनेचा संगणकीय शोध

रिबोन्यूक्लिइक अम्लाचा (आरएनए) रेणू बहुधा एकसूत्री असून तो स्वतःवरच दुमडतो. ॲडेनीन–युरॅसिल व ग्वानीन–सायटोसीन या क्षारकांच्या जोड्या जमून दुसूत्री खंड बनतात व न जुळलेल्या भागांचे पाश राहतात. या मांडणीस द्वितीयक संरचना म्हणतात. क्षारकांच्या अनुक्रमावरून ती गणिताने ठरविण्याचे प्रयत्न १९६५ नंतर सुरू झाले. त्या वर्षी आर. डब्ल्यू. हॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमधील ॲलॅनीनवाहक आरएनएचा अनुक्रम प्रसिद्ध केला. त्यांनी सुचविलेल्या घड्यांपैकी त्रिदल पर्णाकृती पुढे खरी ठरली.

लहान रेणूचे कोडे हाताने सुटले, तरी लांबीबरोबर संभाव्य घड्यांची संख्या अफाट वाढते. रूथ नसिनॉव्ह व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लहान खंडांची उत्तरे साठवून त्यांवरून मोठ्या खंडांची उत्तरे काढण्याची रीत मांडली. लांबी दुप्पट झाल्यास तीत श्रम सुमारे आठपट होतात, पण प्रत्येक घडी तपासावी लागत नाही. मायकेल झुकर व पॅट्रिक स्टीग्लर यांनी १९८१ मध्ये हीच रीत किमान ऊर्जेची घडी शोधण्यास वापरली. परंतु जवळजवळ तेवढ्याच ऊर्जेच्या अगदी निराळ्या घड्याही संभवतात, म्हणून जे. एस. मॅकॅस्किल यांनी १९९० मध्ये एकाच घडीऐवजी प्रत्येक जोडीची संभाव्यता काढली. एकमेकींना छेदणाऱ्या जोड्या मात्र या रीतींत बसत नाहीत.

दुसरा मार्ग तुलनेचा. एका जीवात ग्वानीन–सायटोसीन जोडी असलेल्या जागी दुसऱ्या जीवात ॲडेनीन–युरॅसिल आढळल्यास अक्षरे बदलूनही जोडी टिकली, असे दिसते. कार्ल वूझ, हॅरी नॉलर प्रभृतींनी रिबोसोमातील सुमारे १,५०० क्षारकांच्या आरएनएची घडी याच पुराव्यावर बांधली. २००० मध्ये रिबोसोमाची स्फटिकीय संरचना उपलब्ध झाली, तेव्हा तुलनेने ठरविलेल्या जोड्यांपैकी सु. ९७% तीत आढळल्या. ऊर्जागणिताला मोठ्या रेणूंच्या बाबतीत असे यश लाभलेले नाही.

शॉन एडी व रिचर्ड डर्बिन यांनी १९९४ मध्ये अनुक्रम व जोड्यांतील सहबदल एकाच संभाव्यता-प्रतिमानात गुंफले. त्यामुळे अक्षरसाम्य पुसट झालेले सगोत्र रेणूही जीनोममध्ये शोधता येऊ लागले. पुढे एलेना रिव्हास व एडी यांनी २००० मध्ये दाखविले की, यदृच्छ अनुक्रमांनाही बऱ्यापैकी स्थिर घड्या पडतात. तेव्हा केवळ स्थैर्यावरून कार्यक्षम आरएनए ओळखणे सामान्यतः शक्य नाही. रिव्हास व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सहबदलांची संख्याशास्त्रीय कसोटी लावली असता काही बहुचर्चित दीर्घ आरएनएंच्या प्रस्तावित संरचनांना पुरेसा आधार मिळाला नाही. या निष्कर्षावर नंतर वाद झाला.