तवा

तवा (पु.) : पोळी, भाकरी, धिरडे भाजण्याचे उथळ भांडे, लोखंडाचे, बिडाचे किंवा मातीचे. ही व्याख्या आकारावर बेतलेली आहे आणि तिथेच ती अपुरी पडते. लखनौमध्ये जुन्या चौकापासून गोमती नगरच्या नव्या वस्तीपर्यंत ‘उलटे तवे का पराठा’ मिळतो. खोलगट तवा चुलीवर पालथा घालून त्याच्या फुगीर पाठीवर हा पराठा भाजतात. भांडे पालथे पडले, त्यात काही ठेवण्याची सोय गेली, तरी नाव तवाच राहते. नाव कामावरून पडले आहे, आणि व्युत्पत्तीही तेच सांगते. राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात (1962–66) हा शब्द ‘तप्’ धातूच्या कुळात येतो. तवा म्हणजे तापणारे. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणे प्राकृतात नेहमीचे: दीपक–दिवा, कपाट–कवाड, ताप–ताव. व्युत्पत्तीने पाहिले तर ‘तापलेला तवा’ ही द्विरुक्तीच.

शब्द मुदपाकखान्यातून, फारशी ‘ताबा’वरून आला, असा आक्षेप घेता येतो. फारशी शब्द जुना आहे खरा. मध्य-फारशीत तो ‘ताबग’ होता, आणि तुर्की ‘तावा’ त्यातूनच निघाला. पण इराणी भाषांतही धातू हाच, तापण्याचा. एका कुळातल्या दोन भाषांनी एकाच धातूवरून सारखे शब्द घडवले, तर साम्य हा उसनवारीचा पुरावा ठरत नाही. फारशीतला पहिला स्वर दीर्घ आहे, मराठी-हिंदीत तो ऱ्हस्व. गुजरातीत तर ‘तावडी’ असे देशी प्रत्ययाचे रूपही आहे. फारशीच्या सहवासाने शब्दाचा वापर वाढला असेल, एवढे मान्य करायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नाव कामाचे असेल, तर तापणाऱ्या कढईला तवा का म्हणत नाहीत? कढईत उष्णता पदार्थाला पोचवते ते तेल किंवा पाणी. तव्यावर भांड्याचा पृष्ठभागच भाजतो. खानदेशी मांडे ज्या पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजतात, तेही तव्याचेच काम करते, पण त्याला खापर म्हणतात; ते नाव मातीवरून पडले आहे. अनेकवचन तवे, सामान्यरूप तव्या-.